भांग की अफू, हा प्रश्नच अर्धवट आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुखण्यावर भांग बरी की अफूजन्य औषधे, हा वाद आरोग्य पुरवण्यांत आणि वाचकांच्या पत्रव्यवहारात हल्ली वरचेवर रंगतो. त्यात एक वाक्य हमखास येते : ‘अफूच्या औषधांनी माणसे मरतात, भांगेने कोणी मरत नाही, मग डॉक्टर भांग का देत नाहीत?’ समोरून येणारे उत्तरही ठरलेले असते : ‘दोन्ही नशाच. दोन्हींपासून लांब राहा.’ पहिल्या वाक्यावर भरवसा ठेवून चालू गोळ्या एका दिवसात बंद करणारे रुग्ण असतात. दुसऱ्यावर भरवसा ठेवून कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसाचे मॉर्फिन अडवून धरणारे नातेवाईकही असतात. दोन्हीकडे भोगतो तो रुग्ण, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे. जागा कमी असेल तर मधला इतिहास कापावा, मात्रांचे आकडे कृपया कापू नयेत.

आधी शब्द नीट लावू. अफू म्हणजे खसखशीच्या बोंडाला चिरा दिल्यावर पाझरणारा, वाळलेला चीक. मॉर्फिन आणि कोडीन त्यातूनच मिळतात. ऑक्सिकोडोन त्यातल्याच घटकावर प्रक्रिया करून बनते. ट्रॅमाडॉल, फेंटॅनिल, मेथाडोन यांचा बोंडाशी काही संबंध नाही, ती कारखान्यात घडवलेली रसायने आहेत. पण ही सगळी शरीरात एकाच कुलपाला लागतात, म्हणून सगळ्यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. भांग, गांजा आणि चरस हे मात्र एकाच झाडाचे : पाने, मादी झाडाचे फुलोरे आणि त्यांची राळ. नशा आणि वेदनाशमन यांतला मोठा वाटा टीएचसी या घटकाचा. सीबीडी हा दुसरा घटक नशा आणत नाही आणि म्हणूनच ‘निर्धोक’ म्हणून विकला जातो. पुढे या सगळ्यांसाठी ‘कॅनाबिस’ हा एकच शब्द वापरतो.

दोन्ही औषधे शरीरात आधीपासून असलेल्या यंत्रणेचा फायदा घेतात. ओपिऑइडचे रिसेप्टर, म्हणजे वर म्हटलेली कुलपे, १९७३ मध्ये दाखवले गेले आणि दोनच वर्षांनी शरीर स्वतः तयार करत असलेली अफूसारखी द्रव्ये सापडली. टीएचसी १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना मांडली गेली, पण त्याच्या मेंदूतल्या रिसेप्टरचा जनुक हाती यायला १९९० उजाडले. १९९२ मध्ये या रिसेप्टरला लागणारे शरीराचे स्वतःचे द्रव्य मिळाले, त्याचे नाव आनंदामाइड. संस्कृतातल्या ‘आनंद’वरून ते मुद्दाम ठेवलेले आहे.

खरा फरक हे रिसेप्टर कुठे आहेत त्यात आहे. ओपिऑइडचा मुख्य रिसेप्टर, ज्याला ‘म्यू’ म्हणतात, तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आहे. शरीरभरातून येणारा वेदनेचा निरोप तिथेच पुढच्या पेशीकडे दिला जातो. ओपिऑइड तिथे बसले की निरोप देणारी चेता आपले रसायन सोडत नाही आणि घेणारी पेशीही सुस्तावते. हाडाचे टोक मोडून सरकलेले असतानाही मॉर्फिनने माणूस शांत होतो तो यामुळे. पण हाच रिसेप्टर आतड्यात आहे, म्हणून बद्धकोष्ठ होतो. आणि तो मेंदूच्या देठात, श्वासाचा ताल धरणाऱ्या पेशींवरही आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की या पेशी एरवी श्वास वाढवतात. ओपिऑइडखाली त्यांना ते साचणे जाणवेनासे होते. मिनिटाला १४-१५ असलेले श्वास १०, मग ८, मग ५ वर येतात, आणि झोपेत असलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. ओपिऑइडने मृत्यू होतो तो बहुतेक वेळा असा, आवाज न करता.

कॅनाबिसचे रिसेप्टर मेंदूच्या बाह्य भागात, स्मृतीच्या आणि तोल सांभाळणाऱ्या भागांत खच्चून आहेत, पण श्वासाच्या केंद्रात फारच विरळ. म्हणून प्रौढ माणसाने कॅनाबिस कितीही जास्त घेतले तरी श्वास त्यामुळे सहसा थांबत नाही. ‘भांगेने कोणी मरत नाही’ या वाक्यातले खरे ते एवढेच, आणि तेवढे ते खरेच आहे. पण लहान मुलाने गोड पदार्थ समजून टीएचसीची गोळी खाल्ली तर ते गाढ बेशुद्ध पडू शकते आणि त्याच्या श्वासावरही परिणाम होऊ शकतो. हृदयविकाराच्या रुग्णाची नाडी टीएचसीने एकदम धावते, वृद्धांचा तोल जातो, मानसिक आजाराकडे कल असलेल्या तरुणाला भ्रम होऊ शकतात. शिवाय ‘श्वास थांबत नाही’ आणि ‘दुखणे थांबते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. वादात नेमकी हीच उडी मारली जाते.

म्हणून दुखणे कोणते, हे आधी विचारायला हवे. शस्त्रक्रिया, अस्थिभंग, भाजणे अशा ताज्या, तीव्र वेदनेत कॅनाबिस जवळपास कुचकामी ठरते. निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेखाली मिरचीतले कॅप्सेसिन टोचून आग निर्माण करणाऱ्या एका प्रयोगात मधल्या मात्रेने वेदना कमी झाली आणि वरच्या मात्रेने उलट वाढली. मात्रेची खिडकी अरुंद आहे, हा कॅनाबिसचा मूळ स्वभाव. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासातही टीएचसीने वेदनेची तीव्रता फारशी उतरत नाही, तिचा जाच मात्र कमी वाटतो, असे दिसले. ‘दुखतंय तेवढंच, पण आता तेवढं खटकत नाही,’ हे रुग्णाचे वर्णन शब्दशः खरे मानावे. जुनाट दुखण्यात त्याला मोल आहे. ताज्या जखमेच्या वेदनेत ते पुरत नाही. तिथे ओपिऑइड, तेही मोजक्या दिवसांसाठी आणि पॅरासिटामॉल किंवा सूज उतरवणाऱ्या गोळीच्या जोडीने, हाच मार्ग आहे.

कर्करोगात आणि अखेरच्या आजारात मॉर्फिनची जागा कॅनाबिस घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये तीन पायऱ्यांची शिडी सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे, आणि इतक्या वर्षांत ते तिथून हललेले नाही. ओपिऑइड पुरेनासे झालेल्या कर्करुग्णांना वरून टीएचसी-सीबीडीचा तोंडात मारायचा फवारा देऊन मोठ्या चाचण्या झाल्या, पण मुख्य निकषावर फवारा आणि खोटे औषध (प्लॅसिबो, म्हणजे तसाच दिसणारा पण औषध नसलेला फवारा) यांत ठोस फरक निघाला नाही. १९७५ मधला एक जुना अभ्यासही बोलका आहे. कर्करुग्णांमध्ये १० मिलिग्रॅम टीएचसीचा परिणाम साधारण ६० मिलिग्रॅम कोडीनइतका भरला. २० मिलिग्रॅमने १२० मिलिग्रॅम कोडीनची बरोबरी केली, पण इतकी गुंगी आणि गोंधळ आणला की ती मात्रा कामाचीच राहिली नाही. आणि कोडीन हे ओपिऑइडमधले दुबळे औषध आहे.

मॉर्फिनच्या बाबतीत घरच्यांच्या मनात दोन भीती असतात : व्यसन लागेल आणि लवकर जातील. दुखण्याच्या मापाने, घड्याळ लावून दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. बिघडते ते देण्याच्या पद्धतीमुळे. साधे मॉर्फिन तोंडावाटे दर ४ तासांनी द्यायचे असते. सुरुवात साधारण ५ मिलिग्रॅमने, अशक्त किंवा वयस्कर माणसात २.५ ने. ‘दुखले तर द्या’ असे ठेवले की रुग्ण प्रत्येक वेळी वेदनेच्या टोकाला जाऊन मग औषध मागतो आणि तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त लागते. मधेच कळ उठली तर दिवसभराच्या एकूण मात्रेचा सहावा भाग जादा द्यायचा. म्हणजे दिवसाला ३० मिलिग्रॅम चालू असेल तर ५. अशा जादा मात्रा दिवसात तीन-चार लागू लागल्या, तर डॉक्टरांना कळवून नेहमीची मात्रा वाढवून घ्यायची. मळमळ पहिले काही दिवस असते, मग जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, त्याची शरीराला सवय होत नाही, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच सोनामुखीसारखे रेचक सुरू करावे लागते. चार दिवस शौच न झालेला रुग्ण ‘मॉर्फिन सोसत नाही’ म्हणून ते बंद करतो, तेव्हा चूक मॉर्फिनची नसते, न दिलेल्या रेचकाची असते.

पातळ मॉर्फिनची एक गोष्ट प्रत्येक घरी सांगायला हवी. एका प्रकारच्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतात, म्हणजे मिलिलिटरला २. दुसऱ्या, जास्त तीव्र प्रकारात एका मिलिलिटरमध्येच २०. दहापट फरक, आणि दोन्ही द्रव दिसायला सारखे. डॉक्टर ‘पाच द्या’ म्हणतात ते पाच मिलिग्रॅम. घरातला माणूस पाच मिलिलिटर भरतो. पहिल्या बाटलीत ती दुप्पट मात्रा होते, दुसऱ्या बाटलीत ती १०० मिलिग्रॅम होते. म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्यावेत, बाटलीवर चिकटपट्टी लावून ‘एका वेळी अमुक मिलिलिटर’ असे ठळक लिहावे आणि चमच्याऐवजी बिनसुईच्या सिरिंजने मोजावे. सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरून, बुडबुडा काढून, दट्ट्याची वरची कड आकड्याशी जुळवायची. एवढ्याने जेवढे अपघात टळतात तेवढे कोणत्याही भाषणाने टळत नाहीत.

आता जुनाट, कर्करोगाशी संबंध नसलेले दुखणे : कंबर, मान, गुडघे. वादाचे खरे मैदान हेच, आणि इथे दोन्ही बाजूंना खाली बघावे लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत जुनाट पाठदुखी आणि खुब्याच्या व गुडघ्याच्या झिजेचे २४० रुग्ण वर्षभर पाहिले गेले. निम्म्यांना ओपिऑइड, निम्म्यांना साधी औषधे. वर्षाअखेर हालचालीत दोन्ही गट सारखे होते, वेदना ओपिऑइडच्या गटात किंचित जास्तच होती आणि दुष्परिणामही जास्त. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत नव्याने उद्भवलेल्या कंबर-मानदुखीला सहा आठवड्यांपर्यंत ऑक्सिकोडोनयुक्त गोळी दिली, तिने खोट्या गोळीपेक्षा काही जास्त साधले नाही. महिनोन्‌महिने ओपिऑइड घेतल्यावर ते अंगवळणी पडते, मात्रा चढत जाते. काहींमध्ये तर मज्जासंस्था उलट हळवी होऊन साध्या स्पर्शानेही दुखू लागते. अशा वेळी मात्रा वाढवली की वेदना वाढते आणि कमी केली की काही आठवड्यांनी उतरते. हे रुग्णाला पटवणे फार अवघड असते, कारण कमी करतानाचे पहिले दिवस वाईटच जातात.

मग कॅनाबिस? २०२१ मध्ये ३२ चाचण्यांची आणि पाच हजारांहून अधिक रुग्णांची एकत्र छाननी झाली. जाणवण्याइतका फरक, म्हणजे दहापैकी किमान एक अंक, पडणारे रुग्ण खोट्या औषधापेक्षा शंभरात सुमारे १० ने जास्त निघाले. त्याच आधारावर तज्ज्ञांच्या एका गटाने ‘इतर उपाय हरले तर, धूर न घेता, करून पाहायला हरकत नाही’ अशी सौम्य शिफारस केली. त्याच वर्षी वेदना अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएएसपीने, पुरावा अपुरा आहे म्हणून कॅनाबिसच्या सर्वसाधारण वापराला पाठिंबा द्यायला नकार दिला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९ मध्येच जुनाट वेदनेसाठी टीएचसी देऊ नका, असे सांगितले होते. पुरावे तेच, निष्कर्ष निरनिराळे, कारण फायदा इतका लहान आहे की तो मोजायचा की नाही हे मापणाऱ्यावर अवलंबून राहते. माझे मत विचाराल तर शंभरातल्या त्या दहा जणांसाठी दार उघडे असावे. उरलेल्या नव्वदांना त्याच आशेवर वर्षभर खर्चात आणि गुंगीत ठेवू नये.

नसांच्या दुखण्याबद्दल, म्हणजे मधुमेहातली पायांची आग, नागिणीनंतरचे ठणके, कॅनाबिसची कीर्ती सर्वांत जास्त आहे. आकडे तिला साथ देत नाहीत. किती जणांना औषध द्यावे तेव्हा एकाला, खोट्या औषधापेक्षा, अर्धी वेदना कमी होण्याचा लाभ मिळतो, हे माप घ्या. आकडा जितका लहान तितके औषध चांगले. एमिट्रिप्टिलीनच्या जातीच्या गोळ्यांना ते साडेतीनच्या आसपास आहे, तीव्र ओपिऑइडना चारच्या थोडे वर, गॅबापेंटिनला सहाच्या वर, प्रिगॅबालिनला आठच्या जवळ. चाचण्यांचे एकत्र आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात कॅनाबिस औषधांना २०. त्याच आढाव्यात चक्कर, गुंगी, गोंधळ असे मज्जासंस्थेचे त्रास औषध घेणाऱ्या ६१ टक्क्यांत आणि खोटे औषध घेणाऱ्या २९ टक्क्यांत आढळले. म्हणजे नागिणीनंतरची आग होत असलेल्याने रात्री १० मिलिग्रॅमची एमिट्रिप्टिलीनसुद्धा न घेता थेट कॅनाबिसच्या तेलाची बाटली आणली असेल, तर त्याने रांगेतला शेवटचा माणूस पहिला उभा केला आहे. स्नायूंचा ताठरपणा, विशेषतः मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारातला, आणि केमोथेरपीची हट्टी मळमळ इथे मात्र कॅनाबिस औषधांचा उपयोग बरा आहे. लेख लिहिणाऱ्यांनी तेवढे खुशाल कौतुकाने लिहावे.

‘भांग आली की अफूचे मृत्यू घटतात’ हा दावाही तपासायला हवा. २०१४ मधल्या एका अभ्यासात, १९९९ ते २०१० या काळात, वैद्यकीय कॅनाबिसला मुभा देणाऱ्या अमेरिकी राज्यांत ओपिऑइडच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सरासरी २४.८ टक्के कमी दिसले. हा आकडा जगभर फिरला. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हीच पद्धत वापरून काळ फक्त २०१७ पर्यंत लांबवला, आणि उत्तर आले २२.७ टक्के जास्त. याचा अर्थ कॅनाबिसने मृत्यू वाढले असा नाही. राज्याराज्यांच्या सरासरीवरून एकेका रुग्णाबद्दल बोलताच येत नाही, एवढाच आहे. एकेका रुग्णाकडे पाहिले तर ऑस्ट्रेलियात ओपिऑइड घेणाऱ्या १,५१४ जणांचा चार वर्षे माग ठेवला गेला. त्यांतल्या कॅनाबिस घेणाऱ्यांची वेदना कमी झाली किंवा त्यांच्या गोळ्या घटल्या, असे दिसले नाही. तरी पहिलाच आकडा आजही छापला जातो.

असे पूर्वीही घडले आहे, आणि तेही संपादकाला पाठवलेल्या पत्रामुळे. जानेवारी १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचे एक पत्र आले. रुग्णालयात किमान एकदा ओपिऑइड मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसनाची नोंद फक्त चार जणांत सापडली, असे त्यात होते. दाखल असलेल्या, देखरेखीखाली थोडे औषध मिळालेल्या रुग्णांची ती नोंद. पुढे ती ‘दुखण्यासाठी घेतलेल्या ओपिऑइडचे व्यसन लागत नाही’ अशी घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांवर लावली गेली. २०१७ मध्ये मोजदाद झाली तेव्हा त्या पत्राचे ६०८ उल्लेख निघाले, बहुतेक त्याच चुकीच्या अर्थाने. मधल्या काळात, १९९६ पासून, दीर्घकाळ सुटणाऱ्या ऑक्सिकोडोनची जोरदार विक्री झाली आणि अमेरिकेत व्यसनाची आणि अतिमात्रेच्या मृत्यूंची जी लाट आली ती सर्वांना माहीत आहे. कॅनाबिसबद्दल आज छापल्या जाणाऱ्या एकेका वाक्याकडे मी त्या पाच वाक्यांच्या आठवणीने पाहतो.

आता ज्यांच्या हातात आज गोळी आहे आणि उद्या तेल आणायचे मनात आहे, त्यांच्यासाठी.

आधी आपण किती ओपिऑइड घेतो ते मॉर्फिनच्या मापात काढावे. दिवसभराचे मिलिग्रॅम घ्या. कोडीन असेल तर ०.१५ ने गुणा, ट्रॅमाडॉल ०.२ ने, ऑक्सिकोडोन १.५ ने. ट्रॅमाडॉल ५० ची गोळी दिवसाला चार म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे मॉर्फिनचे ४०. तासाला २५ मायक्रोग्रॅम सोडणारी फेंटॅनिलची पट्टी म्हणजे दिवसाला सुमारे ६०. पन्नासच्या वर गेले की फायदा फारसा वाढत नाही आणि धोका वाढतच राहतो. हे माप आपण कुठे उभे आहोत ते कळण्यासाठी आहे. एक औषध सोडून दुसरे सुरू करताना त्यावरून मात्रा ठरवू नये, ते डॉक्टरांनी करायचे.

वर्षाहून जास्त काळ गोळी चालू असेल तर महिन्याला सुमारे १० टक्के, एवढीच उतरण बहुतेकांना झेपते. एकदम बंद केली तर ८ ते २४ तासांत जांभया, घाम, नाक वाहणे, पोटात मुरडा, हातपाय ओढणे सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते शिगेला पोहोचते. कॅनाबिस हे थांबवत नाही. ते वेगळे कुलूप आहे. आणि यापुढची पायरीच सर्वांत धोक्याची : दोन-तीन आठवडे कसेबसे काढून, तेलाने भागत नाही म्हणून, माणूस जुनी गोळी जुन्याच मात्रेत घेतो. तेवढ्यात शरीराची सवय उतरलेली असते. पूर्वी पचणारी मात्रा आता श्वास थांबवायला पुरते.

डॉक्टरांच्या संमतीने कॅनाबिस जोडायचेच ठरले तर ओपिऑइड तेच ठेवून सुरुवात रात्री टीएचसी २.५ मिलिग्रॅमने करावी आणि दोन ते सात दिवसांच्या अंतराने २.५ नेच वाढवावी. दिवसाला ४० ही कमाल मर्यादा समजतात, पण उपयोग व्हायचा असेल तर तो बहुधा तिच्या बराच आधी होतो. चार-सहा आठवड्यांत झोप, चालणे, गोळ्यांची संख्या यांत वहीत लिहिण्याजोगा फरक पडला नाही तर थांबावे. फरक पडला तर मग ओपिऑइडची उतरण सुरू करावी. तोंडावाटे घेतलेले टीएचसी चढायला अर्धा ते दोन तास लागतात, कारण ते आतड्यातून सावकाश शोषले जाते, आणि यकृतात त्याचे आणखी तीव्र द्रव्यही बनते. पाऊण तासात काही होत नाही म्हणून दुसरी मात्रा घेतली जाते आणि मग दोन्ही एकदम चढतात : धडधड, भीती, भिंत धरूनही उभे राहता न येणे. परिणाम सहा-आठ तास टिकतो, तोवर वाहन चालवू नये. धूर मिनिटांत चढतो आणि दोन-चार तासांत उतरतो, पण फुप्फुसांची किंमत घेतो आणि मात्रा मोजू देत नाही. रोज घेणाऱ्याने एकदम सोडले की चिडचिड होते, झोप उडते, भूक मरते. आठ-पंधरा दिवसांचा तो त्रास ‘दुखणे परत आले’ असे समजून पुन्हा सुरुवात होते.

सीबीडीच्या तेलाबद्दल थोडक्यात. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या ८४ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत २६ वरच लेबल बरोबर होते आणि १८ मध्ये टीएचसी निघाले. सीबीडी यकृतातल्या औषधे फोडणाऱ्या विकरांना अडवते, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन आणि फेफऱ्यावरचे क्लोबाझाम रक्तात साचू शकते. वॉरफरिन घेणाऱ्याने तेल सुरू केले तर आठवड्याभरात आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आकडा, तपासून घ्यावा. नशा नाही म्हणजे परिणाम नाही असे नाही.

ओपिऑइडच्या बाजूने होणाऱ्या चुकाही तितक्याच साध्या असतात. १२ तास पुरणारी गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून दिली जाते आणि अर्ध्या दिवसाचे औषध एका घोटात जाते. फेंटॅनिलच्या पट्टीवर शेकण्याची पिशवी ठेवली किंवा अंगात ताप असला की औषध जास्त वेगाने आत जाते. ७२ तासांनी काढलेल्या पट्टीतही बरेच औषध शिल्लक असते, ती चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी. ओपिऑइडची सवय नसलेल्या माणसाला ही पट्टी कधीच लावू नये. मूत्रपिंडे निकामी असतील तर मॉर्फिनपासून बनणारे द्रव्य साचत जाते आणि तीच मात्रा चौथ्या-पाचव्या दिवशी गुंगीत नेते. कोडीन यकृतात मॉर्फिन झाल्यावरच काम करते. काहींच्या शरीरात ते होतच नाही, काहींच्यात झपाट्याने होते, म्हणून १२ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. ट्रॅमाडॉल नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर घेतले तर झटके येऊ शकतात. आणि अल्प्राझोलामसारखी झोपेची किंवा चिंतेची गोळी अथवा दारू ओपिऑइडच्या जोडीला आली की श्वास मंदावण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. कॅनाबिसची गुंगीही या बेरजेत धरावी.

संपादक महोदय, या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा कोपऱ्यात एक चौकट द्यावी, ही विनंती. मजकूर एवढाच हवा : ओपिऑइड घेणारा माणूस हलवूनही उठत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला आहे किंवा घशातून घोरल्यासारखा गुरगुर आवाज येतो आहे, ओठ-नखे निळसर पडली आहेत, तर त्याला ‘गाढ झोप लागली’ समजू नये. रुग्णवाहिका बोलवावी. ओपिऑइडचा परिणाम उलटवणारे नॅलॉक्सोन जवळ असेल तर द्यावे : नाकाचा फवारा ४ मिलिग्रॅमचा, एका नाकपुडीत एक. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. तोवर हनुवटी वर उचलून तोंडाने श्वास देत राहावे. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवावे. माणूस उठून बसला तरी रुग्णालयात न्यावेच, कारण नॅलॉक्सोनचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, आणि १२ तासांच्या गोळीचा किंवा पट्टीचा त्याहून कितीतरी उशिरा.

कळावे,
आपला नम्र,
वेदनाशमन विषयाचा एक अभ्यासक